पॅसेजमध्ये अडकलेला हौद

फूटपट्टीने आयुष्यात कधी फूटपट्टी वापरली नाही. म्हणूनच त्याला ते नाव पडलं.

एकतीस वर्षं तो लोकांचं सामान हलवत होता. कपाटं, पलंग, फ्रीज, एकदा एक पियानो, एकदा दातांच्या डॉक्टरची खुर्ची. तो दारात उभा राहायचा. एक डोळा बारीक करायचा. मग म्हणायचा, "जाईल." किंवा, "जाणार नाही. खिडकी काढा." त्यावर अपील नव्हतं. हमाल टेप खिशातच ठेवायचे. जिन्याचं वळण आणि सोफा यांचं भांडण तो नुसत्या डोळ्यांनी मिटवायचा.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात हौद अडकला. तोही पॅसेजमध्ये. तोही भर उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना.

झालं असं. त्या वर्षी उन्हाने कहर केला होता. दुपारी दाराच्या कडीला हात लावायचा तर फडकं घ्यावं लागे. फूटपट्टीच्या बायकोची थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत राहायला गेली होती. तिथे लिफ्ट होती, सावली होती, खाली स्विमिंग पूल होता. ती रोज संध्याकाळी फोन करी. "आत्ताच पाण्यातून आले बाई," म्हणे, आणि मग तब्येतीची चौकशी करी.

एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, हे घर विकू या. ताईच्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे."

"का?"

"तिथे पोहायचा हौद आहे."

फूटपट्टी हसला. "दुधासाठी कुणी गोठ्यात राहायला जातं का? हौद इथेच आणतो. परसात."

"आणा," बायको म्हणाली. "गळ्यापर्यंत पाण्यात मला उभी करा, मी मरेपर्यंत इथून हलणार नाही. नाही जमलं तर घर विकायचं. कबूल?"

"कबूल."

"आणि आधी टेप लावून बघा."

सोनाराला अंगठी दाखवून 'हे काय आहे?' असं विचारावं, तसा त्याचा चेहरा झाला. बायकोने पुढच्या चार दिवसांत टेपचं आणखी दोनदा सांगितलं. मग ती गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी शिजतंय, हे तेहतीस वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं.

घर एका रांगेतलं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, मध्ये लांबलचक पॅसेज, त्याच्यावर माळा. स्वयंपाकघराच्या मागे परस, तोही तिन्ही बाजूंनी भिंतींनी बंद. परसात जायला पॅसेजशिवाय वाट नाही. क्रेनवाला आला, वरच्या विजेच्या तारा बघितल्या आणि चहा न घेता गेला.

"पॅसेजमधून नेऊ," फूटपट्टी म्हणाला. हे तो फायबरच्या हौदांच्या दुकानात उभा राहून म्हणाला. "दहा फूट लांब, सहा रुंद, चार खोल. कुशीवर वळवला की झालं. आमच्या पॅसेजमध्ये एक इंच जागा उरते."

दुकानदाराने विचारलं, "घरी जाऊन एकदा मोजून येता का?"

"स्वतःच्या घराचं माप घ्यायला घरी कशाला जायचं?"

खड्डा मेहुण्याने खणून दिला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फरश्या बसवायचा धंदा. खणताना तो सारखा पॅसेजकडे बघत होता आणि बहिणीकडे बघत होता. बहीण मान हलवत होती, अशी की तिचा अर्थ 'गप्प बस' एवढाच होतो.

हौद आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. निळाशार, ट्रकवर पालथा. फूटपट्टीने आपले जुने चार हमाल बोलावले होते. त्यांच्या म्होरक्याला सगळे पैलवान म्हणत. त्याचं वजन पंचेचाळीस किलो होतं. दाराची चौकट काढली. हौद कुशीवर वळवला. त्याचं तोंड डाव्या भिंतीकडे, तळ उजव्या भिंतीकडे. बायको स्वयंपाकघरातून बघत होती.

"जाईल," फूटपट्टी म्हणाला. एक डोळा बारीक करून.

आणि गेला. फायबर लवचीक असतं. चौघांनी जोर लावला तसा हौद चेपत चेपत आत सरकला. पूर्ण पॅसेजभर सरकला. मग फुलला आणि बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा बसला. पुढे जाईना, मागे येईना. वर माळ्याखाली फूटभर फट उरली. त्यातून पातेलं जाईल, माणूस जाणार नाही.

पलीकडे बायको. तिच्याकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि परस. अलीकडे फूटपट्टी. त्याच्याकडे टीव्ही आणि रस्ता. दोघांतलं कोण कोंडलं गेलं होतं हे सांगणं कठीण होतं.

"अहो," पलीकडून आवाज आला, "गेला का?"

"जातोय," फूटपट्टी म्हणाला.

मेहुणा हळूच म्हणाला, "भावोजी, अडकलाय."

"अडकला नाही. फुगलाय. दोन तास उन्हात होता. उन्हाने रेल्वेचे रूळ फुगतात, तिथे हौद कोण लागून गेला? थंड करा. आपोआप आखडेल."

पैलवानाने सोबत्यांकडे बघितलं. सोबत्यांनी जमिनीकडे बघितलं. पण एकतीस वर्षं ज्याचा शब्द मानला, त्याचा बत्तिसाव्या वर्षी कसा मोडायचा? ते बर्फ आणायला गेले.

पुढचे तीन तास गल्लीला दुसरं काम उरलं नाही. बर्फाच्या दोन लाद्या आल्या. शेजारणीने ओल्या चादरी दिल्या. कुणी टेबलफॅन आणला, कुणी पुठ्ठे. चव्वेचाळीस डिग्रीत, घामाने निथळणारी माणसं ओळीने बसून एका हौदाला वारा घालत होती. ज्याच्यात बसून माणसांनी गार व्हायचं, तोच आजाऱ्यासारखा पडला होता आणि त्याच्या अंगावर पट्ट्या होत्या.

"उतरला का?" येणारा जाणारा विचारी.

"थोडा उतरलाय," पैलवान हौदाला हात लावून सांगे.

फूटपट्टीने फटीतून ओरडून बायकोला फ्रीजमधला बर्फ लावायला सांगितला. तिने एक ट्रे लावला. मग म्हणाली, "उरलेला मी माझ्या डोक्यावर ठेवणार आहे."

चार वाजता पुढच्या खोलीत घोटाभर पाणी साचलं. हौद होता तिथेच होता.

फूटपट्टी खुर्चीवर बसला. हौद गेला नाही तर घर गेलं, हे बायको विसरणारी नव्हती. आणि घरापेक्षाही एक गोष्ट त्याला जास्त झोंबत होती. त्याचा डोळा चुकला होता. आजवर कधी चुकला नव्हता.

"नेमका कुठे धरलाय ते बघू," तो शेवटी म्हणाला.

हौदाच्या दोन्ही टोकांना एकेक भोक होतं. एक पाणी घ्यायचं, एक सोडायचं. दोन्ही तळापासून दीडेक फुटावर, अगदी समोरासमोर. त्याने बायकोला तिच्या बाजूच्या भोकातून बॅटरी मारायला सांगितलं आणि स्वतः आपल्या भोकाला डोळा लावला.

आत पॅसेजची डावी भिंत उजळली होती. भिंतीवर फिकट हिरव्या फरश्या होत्या. प्रत्येकीवर एक पान.

त्याने डोळा काढला. चोळला. पुन्हा लावला.

"ह्या कुठल्या फरश्या?"

मेहुणा माळ्याकडे बघू लागला.

"अरे, मी विचारतोय. पॅसेजला फरश्या कधी लागल्या?"

"चार वर्षं झाली, भावोजी. तुम्ही तीन आठवडे लांबच्या फेरीवर गेला होता तेव्हा. दोन्ही भिंतींना. मीच बसवल्या."

"जाडी?"

"खालच्या सिमेंटसकट पाऊण इंच."

दोन भिंतींचे मिळून दीड. फूटपट्टीने मनात हिशेब केला. उरणारा एक इंच गेला, वर अर्धा कमी पडला. म्हणजे डोळा चुकला नव्हता. डोळ्यात जुनाच पॅसेज होता. चार वर्षं तो दिवसातून वीस वेळा ह्या भिंतींमधून गेला होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिव्यालाच पत्ता नव्हता.

"मग इतका वेळ बोलला का नाहीस?"

"तुमच्या बायकोनेच शपथ घातली होती."

फूटपट्टीने भोकाला तोंड लावलं. "तू मला सांगितलं का नाहीस?"

हौदातून बायकोचा आवाज घुमत आला. आधी कधी नव्हता इतका मोठा. "काय सांगायचं? तुम्ही फेरीवरून आलात, पॅसेजमधून चालत आलात, पिशवी ठेवलीत आणि म्हणालात, चहा टाक. मी म्हटलं उद्या दिसेल. मग म्हटलं परवा दिसेल. मग गंमत म्हणून थांबले. मग गंमत राहिली नाही. दुसऱ्याच्या घरातलं कपाट तुम्हाला मिटल्या डोळ्यांनी दिसतं. स्वतःचं घर दिसत नाही. न दिसणारं घर ठेवून करायचंय काय? त्यापेक्षा ताईकडे निदान पाणी तरी आहे."

टेबलफॅन फिरत राहिला. पैलवान उगाचच पुठ्ठ्याने वारा घालू लागला.

मग पैलवानच म्हणाला, "सोपं आहे. छिन्नी आणतो. एका भिंतीच्या फरश्या उडवल्या की हौद सरळ परसात. पैजही जिंकाल."

मेहुणा म्हणाला, "नाही तर दोन्ही टोकांना भोकाच्या रेषेत चीर पाडायची. हौद दबेल, फरश्या वाचतील. पण मग चिरेच्या वर पाणी ठरणार नाही. गुडघाभर मिळेल. गळ्यापर्यंत विसरा."

सगळे फूटपट्टीकडे बघू लागले. गळ्यापर्यंत पाणी म्हणजे घर राहिलं. गुडघ्यापर्यंत म्हणजे घर गेलं. छिन्नी तीन मिनिटांत आली असती.

तो पुन्हा भोकाला डोळा लावून बसला. बराच वेळ. बॅटरीचा उजेड हलत होता. तिचा हात दुखत असावा.

"ते खालून तिसऱ्या ओळीतलं पान उलटं का आहे?" त्याने विचारलं.

बॅटरीचा झोत त्या पानावर गेला.

"ती मी बसवली," बायको म्हणाली. "हा सिमेंट आणायला गेला होता तेव्हा. मला करून बघायचं होतं."

"वाकडी नाही बसली. पान उलटं आहे, पण ओळ सरळ आहे."

"एवढं दिसलं?"

"दिसलं."

त्याने भोकावरून डोळा काढला आणि मेहुण्याला म्हणाला, "करवत दे. दोन दे."

"भावोजी, पैज हराल."

"ती तर चार वर्षांपूर्वीच हरलोय. दे."

एक करवत फटीतून पलीकडे गेली. अलीकडून तो, पलीकडून ती. मेहुणा ओरडून सूचना देत होता, त्या कुणी ऐकत नव्हतं. फायबरची भुकटी उडाली. हमाल शिंकले. तिची चीर आधी पूर्ण झाली. तिने फटीतून पाणी प्यायचा तांब्या पाठवला आणि "अजून किती?" असं विचारलं, तेव्हा हमालही हसले.

सहा वाजता हौद दबला, कुरकुरला आणि परसात गेला. फरश्यांना दोन ओरखडे आले. खड्ड्यात तो नीट बसला. नळ सोडला. पाणी गुडघ्यापर्यंत चढलं आणि दोन्ही चिरांतून शहाण्यासारखं बाहेर जाऊ लागलं.

बायको पाण्यात उतरली. उभी राहिली. खाली बघितलं.

"हा गळा नाही," ती म्हणाली.

"नाही," फूटपट्टी म्हणाला. "उद्या घर विकायची पाटी लावतो."

त्याने खरंच लावली. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. फूटपट्टी घर दाखवू लागला तेव्हा बायको आडवी आली.

"थांबा. काय विकताय ते आधी मला सांगा. स्वयंपाकघराला खिडक्या किती?"

"दोन."

"एक. दुसरी सहा वर्षांपूर्वी बुजवली. तिथे मांडणी आहे." ती गिऱ्हाइकाकडे वळली. "यांना माहीत नाही हो. माहीत झालं की कळवू."

आता रोज ऊन उतरलं की दोघं हौदाच्या काठावर बसतात, गुडघाभर पाण्यात पाय सोडून. ती विचारते, तो सांगतो. आत जाऊन बघायची मुभा आहे, पण उत्तर इथे येऊन द्यायचं. एक खोली पूर्ण बरोबर आली की पुढची. एकही चूक झाली तर ती खोली पहिल्यापासून. टीव्हीची खोली व्हायला पंधरा दिवस गेले. स्वयंपाकघरात तो तीनदा नापास झाला. मेहुण्याला संशय आहे की भावोजी मुद्दाम चुकतात. फूटपट्टीला विचारलं तर तो सांगतो की मांडणीत खरंच फार डबे आहेत.

बहिणीचा फोन अजून रोज येतो. काल ती जरा रागातच होती. फ्लॅट किती दिवस अडवून ठेवायचा?

"येतो ना गं ताई," बायको पाण्यात पाय हलवत म्हणाली. "यांचं न्हाणीघर तेवढं व्हायचंय." मग फोन कानापासून दूर धरून तिने फूटपट्टीला विचारलं, "आरशाखाली खिळे किती?"

त्याने एक डोळा बारीक केला.

"चार," तो म्हणाला.

"पाच," बायको फोनवर म्हणाली. "हे चुकले. ताई, पुढच्या महिन्यात बघू."