मुराळी पलीकडच्या काठावर

पावसाळ्यात तंबूत राहायला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात आनंद झाला तो एकट्या मला. मी आठ वर्षांची होते, शाळा बुडणार होती, आणखी काय हवं? बाबा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर. पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या रस्त्यावर एका नाल्यातला रपटा पहिल्याच पुरात एका बाजूनं उखडला होता. रपटा म्हणजे पूल नव्हे. नाल्याच्या तळाशी बसवलेली दगडी फरसबंदी. एरवी तिच्यावरून गाड्या जातात, पूर आला की पाणी जातं. तो दुरुस्त होईपर्यंत बाबांनी तिथंच मुक्काम करायचा, असा हुकूम आला. आईनं विचारलं, "आन् आम्ही?" बाबा म्हणाले, "चाला."

छप्पन साल होतं ते. हल्ली माझी नातवंडं गाडीच्या टपावर तंबू बांधून हौसेनं पावसात भटकतात आणि मला फोटो पाठवतात, म्हणून म्हटलं आमच्याही मुक्कामाचं लिहावं. आमचे फोटो नाहीत, ऐकून घ्यावं लागेल.

बैलगाडीवाल्यानं सामानाचे तीन रुपये घेतले आणि अर्ध्या वाटेत चिखल पाहून आणखी मागितले. सामान म्हणजे एक खाट, दोन ट्रंका, जातं, कंदील, ज्वारीचं पोतं. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशीची पऱ्हाटी आणि मध्ये काळी माती, चाकाला अशी चिकटायची की चाक जाड होत जायचं. पोचेपर्यंत दुपार झाली. मुकादमानं तंबू उभा करून ठेवला होता, पण भोवती चर खणला नव्हता. पहिल्याच सरीला पाणी आत आलं. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, आधी चर, मग तंबू. मीठ काचेच्या बरणीत, आगपेटी ज्वारीच्या पोत्यात खोल खुपसून, आणि झाडाखाली मुळीच नको, पाऊस थांबला तरी झाड रात्रंदिवस गळत राहतं.

तंबूचं दार कुठल्या बाजूला करायचं यावर वाद झाला. बाबांना ते रस्त्याकडे हवं होतं. आईनं नाल्याकडे करायला लावलं. मुकादम म्हणाला, "बाई, इकडून मच्छर येतीन न!" आई म्हणाली, "येऊ दे." नाल्यापलीकडे सौंसर, आणि सौंसरच्या पुढं मोहगाव. मोहगाव आईचं माहेर.

मला वाटलेली मजा चार दिवसांत संपली. खेळायला कुणी नाही. बाबा दिवसभर गँगबरोबर दगडांत. आम्ही दोघी कापडाखाली, आणि कापडावर पाऊस. तो आवाज बाहेरून ऐकायला फार छान, आत बसून ऐकताना माणूस बोलायचंच विसरतं. आई तरोट्याची भाजी खुडायची, भाकऱ्या करायची, ओली लाकडं फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची. त्यात रडणं कुठलं आणि धूर कुठला, ते मला कळत नसे. वारा पडला की तिगावच्या बाजूनं आगगाडीची शिट्टी यायची आणि ती हातातलं काम थांबवायची.

पूर आला की मात्र आईला बरं वाटायचं. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण पूर आला की प्रवाशांची मोटार अडायची, आणि मोटार अडली की माणसं आमच्या तंबूत यायची. आई सगळ्यांना गुळाचा चहा द्यायची. बायकांशी तर किती बोलू आणि किती नको असं तिला व्हायचं. पुरुषांचा विषय त्या वर्षी एकच.

"नागपूर मुंबई राज्यात जाऊन राहिलं म्हणते."

"आन् आपलं सौंसर?"

"आपण इकडंच. राजधानी भोपाळले."

"भोपाळ कोणं पाह्यलं बाप्पा!"

पाणी उतरलं की सगळे उठून निघून जायचे. रिकामे कप विसळताना आईचं तोंड पाहवत नसे.

राज्याच्या त्या वाटणीचा आमच्या तंबूलाही घोर होता. बाबा म्हणायचे, "नवं राज्य झालं का बदल्या होतीन. कुठंही टाकतीन. रिवा टाकतीन, बस्तर टाकतीन." म्हणजे माहेर इतकं जवळ असणारा हा शेवटचा पावसाळा. आईनं मनाशी पक्कं केलं होतं की यंदा महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, मोहगावला जायचंच. मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर मामाचा निरोपही आला, न्यायला येतो. त्या दिवशी आईनं माझे केस दोनदा विंचरले.

मामा येणं महत्त्वाचं होतं. सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुधा भाऊच. त्याच्याशिवाय आईच्या काळच्या बायका पाऊल उचलत नसत. एकटी आलेली मुलगी पाहिली की गाव आधी तिच्या पाठीमागे बघायचं आणि मग विचारायचं, काही झालं का ग?

ठरल्या दिवशी मामा सकाळीच आला. आणि पहाटेपासून कुठंतरी वर पडलेल्या पावसानं नाला काठोकाठ भरून वाहत होता.

पलीकडच्या काठावर मामा दिसला. धोतर, काळी छत्री, खांद्यावर गाठोडं. आई तयार होऊन दारात उभी होती. मधलं पाणी तांबूस, आवाज एवढा की शेजारी उभ्या माणसाला ओरडून सांगावं लागे. मामा काहीतरी म्हणत होता, त्याचं तोंड हलताना दिसत होतं. आईही ओरडली, "आईचं कसं हाये? बरं हाये का?" ते त्याच्यापर्यंत गेलं नसावं, कारण तो नुसता हात हलवत राहिला.

मग त्यानं छत्री मिटली, धोतर खोचलं आणि पाण्यात पाय घातला.

रपट्याच्या मधोमध चुना लावलेला दगड होता. तो बुडाला की बाबांनी लाल झेंडा दाखवायचा आणि कुणालाही, अगदी कलेक्टरलाही, उतरू द्यायचं नाही. बाबा झेंडा घेऊन धावले. जोरजोरात हलवला. मामा थांबला, आणि आणखी एक पाऊल पुढं आला. बाबांनी झेंडा आडवा धरला, हातानं मागे जा, मागे जा केलं.

आई म्हणाली, "अवो, पोहणारा हाये तो. येऊ द्या न."

"वाहून गेला म्हणजे?" बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

मामा मागे सरला. बराच वेळ बाभळीखाली गाठोड्यावर बसून होता. आई मात्र तोवर बसली नाही. दोघं भाऊबहीण एकमेकांना दिसत होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दुपार कलल्यावर तो उठला, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि सौंसरच्या वाटेला लागला.

"उद्या येईन तो," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाणी घोट्यावर आलं. दगड पांढरा स्वच्छ दिसायला लागला. मोटार आली, जवळजवळ रिकामी. ड्रायव्हर ओळखीचा झालेला. "बसा बाई, सौंसरले सोडतो. तिथून मोहगावची बैलबंडी भेटते." भाडं काही आण्यांचं, पैसे बाबांनी हातात काढून ठेवलेले. मी पायरीवर पाय ठेवला होता.

आई म्हणाली, "नाही जी. न्यायले आलेला माणूस परत गेला."

बाबा म्हणाले, "जाय न. मी सांगतो जाय म्हणून."

"तुम्ही सांगून जाता येते का?"

मोटार रपट्यावरून सावकाश पलीकडे गेली, चढ चढली आणि दिसेनाशी झाली. आई तिकडेच बघत होती. एकटं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते आपल्या आईच्या तोंडावर वाचणं फार वाईट असतं. मामा त्या दिवशी आला नाही, पुढंही नाही. महालक्ष्म्या मोहगावला जेवल्या. आम्ही तंबूत आंबील केली, तिघांपुरती.

पाऊस ओसरल्यावर पांढुर्ण्याच्या आमच्या खोल्यांत परतलो. भाऊबीजेला मामा आला तो घुश्शातच. ओवाळणीच्या पाटावर बसल्यावर त्याच्या मनातलं बाहेर पडलं. "भाऊजीनं लाल झेंडा दाखवला न मले! हाताच्या इशाऱ्यानं जाय म्हणलं. बहिणीच्या दारातून असं कोणी हाकलते का?"

आईच्या हातातलं तबक तसंच राहिलं. "येडा हाये का बे तू? थे पुराचं होतं! मोटारीलेही दाखवते थे!"

"मले काय मालूम? मले वाटलं, तुमाले नाही धाडाचं."

बाबा खाली मान घालून बसले होते. मग आईनं ओवाळलं. कुणावर रागवायचं तेच कुणाला समजेना. महिन्याभरात बाबांची बदली रिव्याला झाली. तिकडं मुराळी पाठवायचा म्हणजे मोहगावच्या शेतकऱ्याला शेत सोडून आठवडा घालवायचा. आला नाही कुणी. आईनं तिथं हिंदीत चार शेजारणी जोडल्या, पण महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती कुणाशी बोलत नसे.

पावसातल्या मुक्कामाचं काय उरलं म्हणाल, तर एवढंच. पुढं माझं लग्न नागपूरला झालं आणि आईबाबा निवृत्तीनंतर पांढुर्ण्यालाच राहिले. मला न्यायला कुणी यायचं नाही, भाऊच नाही मला. मनात आलं की मी तिकीट काढायची, गाडीत बसायची, स्टेशनवरून पिशवी घेऊन चालत घरी. आई दार उघडायची, आधी माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघायची.

"कोणासोबत आली?"

"एकटीच."

मग ती पिशवी घ्यायची हातातून आणि दर वेळी, अगदी दर वेळी, विचारायची, "असं येता येते न?"

मी म्हणायची, "येते न, आई."