रवींद्रने समजावलेलं मत

न्यूझीलंडच्या लोअर हट गावातल्या मराठी घरांत निवडणुकीचा विषय निघाला, की रवींद्र लेलेला आधी खुर्ची मिळे आणि मग चहा. मान होताच तसा. पुण्यात त्याने मत दिलं होतं, रेडिंगला नोकरी करताना कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून ब्रिटनच्या पार्लमेंटसाठीही दिलं होतं. मेलबर्नच्या तीन वर्षांत शेजारी उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे कसे घालतात तेही जवळून पाहिलं होतं. अमेरिकेत जास्त मतं मिळवूनही माणूस हरतो कसा, कॅनडात विलायतेचीच पद्धत कशी चालते, हे तो जेवणाच्या ताटावरही सांगे. ऐकणाऱ्याचा भात गार झाला तरी त्याचं थांबत नसे. न्यूझीलंडबद्दल मात्र त्याने ओळही वाचली नव्हती. एवढं सगळं येतंय म्हटल्यावर या चिमुकल्या देशाचं वेगळं काय वाचायचं? शहाण्या माणसांची हीच तर पंचाईत असते.

गेल्या निवडणुकीत कांचनमावशी त्याच्याकडे आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मूळ मिरजेच्या, मुलगा-सुनेकडे राहणाऱ्या. इथली कायमची रेसिडन्सी मिळाल्यावरचं त्यांचं हे पहिलंच मत. सून मृदुला हॉस्पिटलात नर्स. वॉर्डात माणसं कमी, म्हणून ही पोर एका ड्युटीला जोडून दुसरी करी आणि घरी येऊन बूट न काढताच सोफ्यावर झोपे. मावशी ते बूट काढत. नर्सची भरती वाढवू म्हणणाऱ्या पक्षाचं पत्रक त्यांनी फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

"रवींद्र, एका कागदावर दोन मतं आहेत म्हणे. एक माणसाला, एक पक्षाला. त्यातलं मोठं कुठलं?"

"सोप्पंय मावशी," रवींद्र म्हणाला. "माणसाचं मत खरं. आपल्याकडे तसंच, इंग्लंडात तसंच. पक्षाचं म्हणजे ऑस्ट्रेलियासारखी सेकंड चॉइस. पहिला पडला तर हा. म्हणून तिथे दुसरा आवडता पक्ष टाकायचा, तोच परत नाही टाकायचा. नाहीतर वाया जातं."

मावशींनी मान डोलावली. आगाऊ मतदान सुरू होतं, तेव्हा रवींद्रच त्यांना गाडीने घेऊन गेला. कोटावर मत दिल्याचा स्टिकर लावून त्या बाहेर आल्या. "माणूस आपला नर्सवाल्यांचा," त्या म्हणाल्या. "आणि पक्षाचं मत गणपतीला आरतीला आले होते ना, त्यांना. बोलायला गोड आहेत हो." रवींद्रने त्यांना शाबासकी दिली. स्वतःही त्याने इथल्या चौदा वर्षांत प्रत्येक वेळी तसंच केलं होतं.

मग इथल्या मराठी मंडळाने त्याला निकालानंतरच्या रविवारी 'लोकशाहीचे चार नमुने' या विषयावर बोलायला सांगितलं. स्लाइड भरायला चार ओळी हव्यात म्हणून त्याने मेलबॉक्समध्ये आलेली सरकारी पुस्तिका उघडली. दुसरंच पान होतं. संसदेत कुठल्या पक्षाच्या किती जागा, हे मुख्यतः पक्षाला दिलेल्या मतांवरूनच ठरतं. माणसाचं मत फक्त आपल्या भागाचा खासदार निवडतं. पसंतीक्रमाचा कुठे पत्ताच नव्हता.

त्याने ते पान तीनदा वाचलं आणि बायकोपुढे धरलं. विभावरीने चष्मा वर केला. "हे दर निवडणुकीला येतं आपल्याकडे. मी वाचूनच जाते."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू बोलायचा थांबलास कधी?"

स्वतःची पाच मतं नको त्याच्या पारड्यात गेली याचं त्याला हसू तरी आलं असतं. पण मावशींच्या मताने त्याच्या जिवाला घोर लावला. टाकलेलं मत परत मागता येत नाही. निकाल लागला. आरतीवाल्यांची सरशी झाली, नर्सवाले मागे पडले. एका मताने काय फरक पडतो, असं त्याने मनाला बजावून पाहिलं. मन काही बधेना. मंडळाला त्याने घसा बसल्याचं कळवलं आणि शनिवारी सकाळी मावशींच्या दारात उभा राहिला.

मृदुला ड्युटीवर गेली होती. मावशी मेथी निवडत होत्या. निकालाचं दुःख असेल म्हणावं, तर चेहरा प्रसन्न.

"हरले तर हरले रे," त्या म्हणाल्या. "मिरजेत सासरे सांगायचे तिथे शिक्का मारला. पुढे हे सांगायचे ते बटण दाबलं. पन्नास वर्षं मतदान केलं, पण मत माझं नव्हतं. या वेळी पहिल्यांदा मृदुलाकडे बघून, माझं मी ठरवलं. घरी येऊन देवापुढे साखर ठेवली मी."

क्षणभर रवींद्रला वाटलं, गप्प बसावं. या बाईचा आनंद हिरावून घेऊन काय मिळणार? पण तीन वर्षांनी, पुढच्या निवडणुकीत, त्या परत तेच करतील, आणि आपण परत गाडी काढू. तो खाली बघून बोलायला लागला. कुठलं मत काय करतं ते त्याने सांगितलं. इंग्लंडचं नाव घेतलं नाही, ऑस्ट्रेलियाचंही नाही. "तुम्ही चुकला नाहीत मावशी. मी माहीत नसताना सांगितलं. मला माफ करा."

मावशींचे हात मेथीत थांबले.

"म्हणजे नर्सवाल्यांचं संख्याबळ वाढवणारं मत मी त्यांच्या विरुद्ध टाकलं?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त जुडीतली एक काडी उचलली, पानं खुडली आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे याही वेळी पुरुषमाणसाने सांगितलं तसंच दिलं की रे मी."