बिनफवारणीचा पट्टा

गेली काही वर्षं मी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या संशोधनात काम करतो. काम म्हणजे अळ्या मोजणं. नाचणगावहून निघायचं, आर्वीला बस बदलायची, तळेगावच्या अलीकडे उतरायचं आणि ओळीओळीतून वाकत फुलं-बोंडं तपासायची. संध्याकाळपर्यंत कंबर धरते. जेवायला बसलो तरी नजरेसमोर पानंच हलत असतात.

तिथल्या एका शेतात आम्ही मधला पट्टा बिनफवारणीचा सोडला होता. औषधानं फरक पडतो की नाही, हे कळायला शेजारी न फवारलेली कपाशी लागते. शेतमालक काकांना ते पटलं होतं; पट्ट्याच्या खुंट्या त्यांनीच ठोकल्या. पण मोजणी उलटीच निघू लागली. न फवारलेल्या पट्ट्यातच अळी कमी. आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, शेतात जातोस ना नक्की? मी नुसता हो म्हणालो. वाद घालायचंही त्राण नव्हतं.

मग एकदा ठरलेला वार सोडून सकाळीच गेलो. काकू पट्ट्यात उभ्या होत्या. अळीनं आतून पकडून ठेवलेली, न उमललेली फुलं तोडून ओच्यात टाकत होत्या. आमच्याकडे त्यांना डोमकळ्या म्हणतात.

"काकू, हे काऊन तोडून राह्यल्या?"

त्या दचकल्या नाहीत. "घरचं पीक आहे भाऊ. अळी दिसली का हात जाते. मले पाहवत नाई."

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलो. काकांनी त्यांना सगळं समजावलं होतं, त्यांना कळलंही होतं. पण मधला पट्टा असल्यानं निंदायला जाताना रोज त्यातूनच जावं लागायचं. मला राग यायला हवा होता; आला नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी प्यालो.

साहेबांना खरं ते सांगितलं. त्या शेताची हंगामभराची मोजणी बाद झाली. उन्हात वाकून केलेलं ते सगळं वाया गेलं.

पुढच्या हंगामात नवं शेत शोधत असताना काकांनी पुन्हा तयारी दाखवली. साहेब का-कू करत होते. तेव्हा काकूंनीच तोड काढली. पट्टा नाल्याकडच्या टोकाला ठेवा म्हणाल्या, तिकडे मी फिरकणारच नाही.

आणि त्या खरंच फिरकल्या नाहीत. नाल्याकडच्या ओळी डोळ्यांदेखत खराब होत गेल्या, मी मोजत गेलो. वेचणीला आल्या की काकू त्या बाजूला पाठ करून कापूस वेचायच्या. माझ्याशी बोलायच्या, पट्ट्याविषयी मात्र एक शब्द नाही.

शेवटची मोजणी झाली त्या दिवशी त्या पहिल्यांदा तिकडे आल्या. किडकी, अर्धवट उघडलेली बोंडं बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"झालं तुमचं काम?"

"झालं काकू."

"मंग आता लावू हात?"

मी मान हलवली. त्या वाकल्या आणि पिवळा पडलेला, चिकटून बसलेला कवडी कापूस बोंडांतून ओढून काढू लागल्या.

या वेळी मोजणी चोख आली म्हणून साहेब खूश झाले. मलाही बरं वाटायला हवं होतं. आर्वीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं तसा डोळा लागला, आणि कंडक्टरनं हलवलं तेव्हा आगार आलं होतं.