आत्यांनी बांधलेलं पोट

मी तापट आहे. छातीत जळजळायला लागलं तेव्हा आमच्या गावात, अंथुर्ण्यात, सगळ्यांनी आधी माझ्या रागालाच दोष दिला. "जरा शांत ऱ्हात जा, पित्त आपोआप उतरंल," असं मालक म्हणाले. त्यावर मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी बारामतीला जाऊन दुर्बिणीनं तपासलं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचं भोक सैल झालं होतं आणि जठराचा भाग त्यातून वर छातीत सरकत होता. हर्निया म्हणे. हर्निया बाप्यांना होतो, तोही खाली, एवढंच आम्हाला ठाऊक! ऑपरेशन झालं. जठर खाली ओढलं, भोक शिवलं आणि पोटावर बारीक बारीक छिद्रं घेऊन मी घरी आले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी ती छिद्रं बघून तोंडाला पदर लावला. "एवढ्याशा भोकातनं आत शिवलंया? आन् ते ऱ्हाईल व्हय?"

आमच्याकडं बाळंतिणीचं पोट बांधतात. जुन्या लुगड्याची पट्टी बरगड्यांखालून ओटीपोटापर्यंत आवळायची, म्हणजे आतलं सगळं जागेवर बसतं. माझी दोन्ही बाळंतपणं आत्यांनीच केली आणि दोन्ही वेळा पोटही त्यांनीच बांधलं. आता तर आत शिवण होती, मग त्यांना दुसरं काय सुचणार? रोज अंघोळ झाली की मला भिंतीला टेकवून उभं करायच्या आणि सगळा जोर लावून आवळायच्या. "श्वास सोड. आनखी सोड." खरं सांगते, मला बरं वाटायचं. मी आईवेगळी पोर, माझं इतक्या मायेनं करणारं दुसरं होतं तरी कोण? डॉक्टरांनी जड उचलू नका, पातळ खा, असं पुष्कळ सांगितलं होतं. पोट बांधायचं का, हे आम्ही विचारलंच नाही. ते काय विचारायचं असतं?

ऊसतोड सुरू झाली आणि माझा घास पुन्हा अडकायला लागला. भाकरी दुधात कुस्करली तरी छातीत गोळा व्हायचा, कधी कधी पाणीसुद्धा उलटून यायचं. झोपायचं ते बसूनच. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी अशी वाळत चाललेली बघून आत्या पट्टी अजून घट्ट करायच्या.

आत्यांना बरोबर घेऊन परत बारामती गाठली. फोटोत जठर पुन्हा वर गेलेलं दिसलं. टाके सुटले होते.

"परत ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्यांदा अवघड असतं. आतलं सगळं चिकटलेलं सोडवावं लागतं. आणि हेही सुटलं, तर पुढं तुम्हाला धड जेवता येईल असं मी सांगू शकणार नाही."

मग विचारायला लागले. वजन उचललं का? खोकला? उलट्या? मी नाही म्हणत गेले.

"पोटावर काही आवळून बांधलं होतं?"

"नाही," मी ताडकन म्हणाले.

"खोटं बोलतीया ती," मागून आत्या म्हणाल्या. "मी बांधत हुते. रोज. चांगलं घट्ट."

डॉक्टरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. "आजी, तेवढ्यानंच सुटलं असं नाही. कितीतरी कारणांनी सुटतं. पण वरून आवळलं की आतलं वर ढकललं जातं. आता नका बांधू." माणूस किती सांभाळून बोलला! पण आत्यांनी त्यातलं शेवटचंच ऐकलं.

दुसरं ऑपरेशन पार पडलं. आत्या माझ्या खोलीत आल्याच नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिल्या. घरी आल्यावरही तेच. पेज करायची लेकीनं, औषध द्यायचं मालकांनी, आणि आत्या दाराबाहेर. मी चार दिवस सोसलं, मग भडकलेच.

"आत्या, मेले का मी? बाहेरनं काय बघताय?"

"माझ्या हाताला येश न्हाय, पोरी."

"माझी दोन पोरं कुणाच्या हातानं वाढली मग? उगीच काहीतरी बोलू नका!" बोलता बोलता मलाच रडू फुटलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

डॉक्टरांनी मऊ भाताला परवानगी दिली, त्या दिवशी मी हट्टाला पेटले. भरवायचा तर आत्यांनीच, नाहीतर मला भात नको. मग मात्र त्या आल्या. माझ्यासमोर बसल्या, भात बोटांनी मऊ लगदा होईस्तोवर कालवला आणि इवलासा घास माझ्या तोंडात घातला. मग वाकून माझ्या गळ्याकडं बघत राहिल्या.

"ग्येला?"

मी थांबले. छातीत काहीच अडलं नाही.

"गेला, आत्या. सरळ गेला."

त्यांनी दुसरा घास दिला. तोही गेला. मग पदरानं डोळे पुसत त्यांनी माझ्या लेकीला हाक मारली, "आगं, मलाबी वाढ घासभर भात."

लेक दारातच रडायला लागली. "आई, तू पेजेवर आहेस ना, तेव्हापासून आजीनं पण पेजेशिवाय काही खाल्लं नाही. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

मी आत्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पुढचा घास त्यांच्या तोंडात घातला.