पऱ्हाटीचे बुडखे

आमच्या घरात माझ्या पाळण्याआधी पत्रकं आली. वडील ती छापून वाटायचे आणि मी त्यांवरच अक्षरं शिकले. त्यामुळे वणीकडच्या कोळशाच्या धुळीविरुद्ध मी पत्रक काढलं, तेव्हा घरी कुणाला नवल वाटलं नाही. 'कोळसा कमी करा, पऱ्हाटी जाळा', म्हणजे कापूस वेचल्यावर उरणारी कपाशीची वाळकी झाडं जाळा, असं मोठ्या टायपात छापून मी ते घाटंजीच्या बाजारात वाटलं.

सरकारनं नियम केला तो काही माझं पत्रक वाचून नाही. पण वीजघरांना कोळशात शेतातला काडीकचरा मिसळणं बंधनकारक झालं आणि मी आठवडाभर मान ताठ करून फिरले. कपाशीचं टणक झाड कापणारं यंत्र बनतच नाही, असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्यांनाच आता एकाएकी अक्कल सुचली. पहिल्या यंत्राची पाती बोथट झाली, तर गावातल्याच एका मिस्त्रीनं नवी घडवून बसवली. भाषणांनी जे हललं नाही, ते एका आदेशानं हललं. नियम हवेत ते यासाठीच, हे माझं मत आजही कायम आहे.

कापूस वेचून संपला आणि ते यंत्र आमच्या गावच्या वावरात उतरलं. त्याच संध्याकाळी शेजारची मावशी माझं पत्रक हातात घेऊन दारात उभी. ती मजुरी करते. आमच्याकडे रीत अशी, की जो पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करून देईल, पऱ्हाटी त्याची. तिची वर्षभराची चूल त्यावरच चालते. गॅसची टाकी आहे, ती पाहुण्यांच्या चहापुरती.

"यात कोळसा हाये, धूर हाये, सरकार हाये," ती म्हणाली. "माही चूल काहून नाही?"

मी लगेच मोर्चाची भाषा सुरू केली. यंत्र अडवू, तहसीलवर जाऊ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी वावर तर पाहून येऊ.

सकाळी गेलो. यंत्र पऱ्हाटी वरच्या वर कापत होतं, वीतभर बुडखे जमिनीतच राहत होते. मावशीनं वाकून एक हलवून पाहिला. शेतमालक बांधावर उभा होता, यंत्रावर भलताच खूश. तिनं त्याला विचारलं, एवढे बुडखे ठेवून वखर कसा चालवणार? आणि त्यात बोंडअळी राहिली तर? तो बांधावरून उतरून बुडखे पाहू लागला. यंत्रवाल्यानं तर मुळं आपलं काम नाही म्हणून आधीच हात झटकले होते.

"वरचं मशीनले, बुडखे मले," मावशी म्हणाली. "दोन दिवसात वावर मोकळं करून देतो, भाऊ. पन पुढच्या सालीही असंच. ही पोरगी आयकून राह्यली, लिहून टाकन."

तो हसला आणि हो म्हणाला. माझं मोर्चाचं भाषण वाया गेलं. बुडखे फांद्यांपेक्षा जास्त वेळ जळतात, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. मला परतताना सांगितलं.

आता यंत्र उद्या कुणाच्या वावरात जाणार, हे यंत्रवाल्याच्या आधी मावशीला कळतं. बाया उपटायचे लोखंडी चिमटे घेऊन यंत्राच्या मागोमाग निघतात. मीही जाते. माझा चिमटा अजून निसटतो.