बंद फोनवरून दाबलेलं दोन

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. जव्हारला शाळेत असताना मुलं घाटातल्या बाईच्या गोष्टी रंगवून सांगायची, तेव्हा मी उठून जायचो. इथे लोक लिहितात ते अनुभव वाचतानाही निम्म्या वेळा हसूच येतं... राग मानू नका. मी लिहितोय तो हसण्यासारखा नाही, एवढंच.

मी ठाण्यात एका कंपनीत आहे. गावोगाव बसवलेल्या सोलर पंपांच्या तक्रारी आमच्या हेल्प डेस्कवर येतात. कुठली तक्रार वर पाठवायची ते पूर्वी माणसं ठरवायची. गेल्या उन्हाळ्यात ते आपोआप व्हावं म्हणून नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. तक्रार आली की सिस्टीम स्वतः फोन लावणार – पंप चालू झाला असेल तर एक दाबा, नसेल तर दोन. दोन दाबलं की तिकीट, म्हणजे त्या तक्रारीची नोंद, लाल होऊन वर चढणार. तीनदा फोन उचलला नाही तर तिकीट बंद.

हा शेवटचा नियम माझा. उघड्या तिकिटांचा आकडा एका दिवसात धाडकन खाली आला, सर खूश. आणि मोखाड्याकडच्या पाड्यांवर फोन का उचलले जात नाहीत, हे मला, जव्हारच्या माणसाला, चांगलं ठाऊक होतं. रेंज फक्त टेकडीवर. लोक फोन पिशवीत घालून मोहाच्या फांदीला टांगतात आणि कामाला जातात, संध्याकाळी येऊन बघतात कोणाचा आला होता ते. ठाऊक असून लिहिला. शुक्रवारी क्लायंटपुढे डेमो होता, डोक्यात दुसरं काही नव्हतं.

सोमवारी पोशेऱ्याजवळच्या एका पाड्याचं तिकीट आलं. नाव वाचलं – वैशाली. माझ्या आत्याची मुलगी. पाड्यावर पंप यावा म्हणून हिनेच ग्रामपंचायतीत खेटे घातले होते. पंप बंद आहे, बायका परत जुन्या विहिरीत उतरतात, लवकर या, असं लिहिलं होतं. सिस्टीमने तीनदा फोन लावला, कोणी उचलला नाही, तिकीट बंद. बघू नंतर, म्हटलं आणि कामाला लागलो.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी तेच तिकीट माझ्या स्क्रीनवर. लाल. आता बंद तिकिटाला सिस्टीम फोन लावतच नाही, तसं कोडमध्ये कुठेच नाही. पण नोंद स्पष्ट होती – फोन लागला, उचलला, दोन दाबलं. मी लगेच तिच्या नंबरवर फोन केला. स्विच ऑफ. म्हणजे बग, दुसरं काय असणार? तिकीट हाताने बंद केलं.

बुधवारी पुन्हा तीच वेळ, तेच दोन. मी फोन केला, स्विच ऑफ. शेजारी बसणारी नीलम म्हणाली, अरे, एकदा माणूस पाठवून बघ ना, जव्हारला आपला मेकॅनिक बसलेलाच असतो. मी तिच्यावर खेकसलो. मेकॅनिक पाठवला की तिकीट उघडं राहणार आणि डेमोत लाल दिसणार. पुन्हा बंद केलं.

गुरुवारी अकरा दहाला परत आलं तेव्हा माझं डोकंच सटकलं. तिकीट बंद केलं आणि सिस्टीममध्ये तिचा नंबरच ब्लॉक करून टाकला.

दुपारी वडिलांचा फोन आला. वैशाली सकाळी सातच्या सुमारास विहिरीत उतरताना पाय घसरून पडली, वर काढली तेव्हा संपली होती. सकाळी सात... आणि शेवटचं दोन अकरा दहाचं.

शुक्रवारी डेमो झाला. हो, मी तिच्या मातीला गेलो नाही, डेमोला उभा राहिलो. स्क्रीनवर एकही लाल तिकीट नव्हतं. टाळ्या पडल्या. लाज वाटते लिहिताना, पण वाचणाऱ्यांपासून काय लपवायचं?

शनिवारी मेकॅनिकला घेऊन पाड्यावर गेलो. फ्यूज उडाला होता, दहा मिनिटांत पंप चालू. वैशालीचा फोन आत्याच्या घरी फळीवर पडलेला होता. सोमवारी संध्याकाळीच त्याची बॅटरी उतरली, आत्या म्हणाली. पाड्यावरचे सगळे फोन पंपाच्या पेटीवर चार्ज व्हायचे, तीच बंद. तेव्हापासून तो कोणी हातातही घेतला नव्हता.

मग आत्याने विचारलं, "तिनं तक्रार केली होती ना रं तुझ्या हापिसात? सांगत होती, दादा हाय तिथं, तो बघल."

मी म्हणालो, "नाही आली, आत्या."

ती म्हणाली, "मंग तिनंच नीट दाबलं नसंल."

मी हो म्हणून मान हलवली. खरंच हलवली.

मेलेल्या फोनवरून तीन दिवस दोन कोणी दाबलं, हे मला आजही कळलेलं नाही. सिस्टीम तीनदा उलटीपालटी करून बघितली, कोडमध्ये चूक सापडत नाही. नोंदी अजून आहेत. ऑफिसात एखाद्या जाणकाराला दाखवून विचारावं असं रोज मनात येतं, पण प्रत्येक दोनच्या खाली तिकीट बंद करणाऱ्याचं नावही दिसतं... म्हणून इथे विचारतोय, नाव न सांगता.