गाव महाराष्ट्रात असल्याचा दाखला

अकलूजच्या स्टँडवर साडेपाचची सोलापूर गाडी सव्वासहाला लागली आणि माझं डोकं तिथूनच तापायला लागलं. बसले त्या सीटची खिडकी उघडत नव्हती, आणि कंडक्टरला सांगितलं तर त्याने लक्षच दिलं नाही. आमच्याकडचा ऊस मागे पडला, मोहोळ आलं, आणि बाहेर नुसती नांगरून टाकलेली काळी रानं आणि बाभळी दिसू लागल्या. जून निम्मा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता.

मी अकलूजच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. वीस वर्षं दाखले लिहिते आहे, म्हणूनच धाकट्या बहिणीने, सुमनने, मला फोन केला होता. सुमनला दिली ती वळसंगच्या पुढे, अक्कलकोटच्या अंगाला असलेल्या एका गावात. तिच्या सासरी कन्नड बोलतात. नवरा मल्लप्पा मेंढरं घेऊन लांबच्या रानात होता आणि घरच्या शेळ्या सोडून सुमनला हलता येत नव्हतं. त्यांची महादेवी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला बी.एस्सी.ला जायचं होतं, पण अर्ज कुठेतरी अडकला होता. मुलींचं हॉस्टेल असलेलं सोलापूरचं हे एकच कॉलेज मल्लप्पाला मान्य होतं. इथे नाही तर कुठेच नाही, असं त्याने सांगून टाकलं होतं. आणि अर्जातली चूक दुरुस्त करायचा तो शेवटचा दिवस होता.

महादेवी सोलापूर स्टँडवर सगळ्या कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. दुसऱ्या हातात सुमनने दिलेला डबा. रिक्षात बसल्यावर मी अर्ज उघडून बघितला आणि चूक लगेच सापडली. अर्ज भरला होता नेट कॅफेवाल्याने. दहावीचं माध्यम कोणतं, त्याने विचारलं. कन्नड, हिने सांगितलं. मग त्या शहाण्याने हिला न विचारता पुढच्या रकान्यात स्वतःच्या मनाने 'राज्याबाहेरील' निवडून टाकलं. आमच्याच राज्यात, आमच्याच बोर्डाच्या कन्नड शाळा आहेत, हे सोलापुरात दुकान मांडून बसलेल्या माणसाला ठाऊक नसावं? तो समोर असता तर त्याच्या माउसची वायर मी उपटली असती. एवढीशी चूक आहे, पाच मिनिटांत काम होईल, असं मी महादेवीला म्हणाले.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. प्रवेशाच्या खिडकीपुढे तासभर उभं राहिल्यावर आमचा नंबर आला. आतल्या क्लार्कने अर्ज बघितला आणि मान वर न करता सांगितलं की मुलगी कर्नाटकातली आहे, तिथल्या बोर्डाचं मायग्रेशन (एका बोर्डातून दुसरीकडे जाण्याचा दाखला) आणा. मी आपल्या बोर्डाचं दहावीचं मार्कशीट पुढे सरकवलं. बारावी तर याच शहरात झालेली, तेही दाखवलं. मार्कशीट तपासणं दुसऱ्या टेबलाचं काम आहे, म्हणाला.

महादेवी धीर करून बोलली. "सर, आमची साली महाराष्ट्रातच हाय."

त्यांच्याकडे शाळेला साली म्हणतात. घाबरल्यावर तिच्या तोंडून घरचाच शब्द निघाला.

"कुणाची साली?" क्लार्कने शेजारच्या टेबलाकडे बघत विचारलं, आणि दोघेही खो खो हसले. रांगेतली पोरंही हसली. महादेवीचं तोंड एवढंसं झालं.

मी तेव्हा त्या माणसाला धारेवर धरायला हवं होतं. पण शेवटचा दिवस, खिडकी त्याच्या हातात. मी महादेवीला कोपर मारलं आणि दातओठ खात म्हणाले, "हितं मराठीतच बोल."

मग त्याने उपकार केल्यासारखा तोडगा काढला. शाळा महाराष्ट्रात आहे असं मुख्याध्यापकांचं पत्र आणायचं, सही-शिक्क्यानिशी, पाचच्या आत. गाव महाराष्ट्रात असल्याचा दाखला! वीस वर्षांत जन्माचे, जातीचे, चांगल्या वागणुकीचे सगळे कागद हाताखालून गेले, पण असला दाखला मी कधी लिहिला नव्हता.

एसटीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) पकडली. माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं, पायाशी खताची पिशवी. वळसंग गेलं. पुढे रस्ता उखडलेला, दोन्ही बाजूंना दगडाचे बांध आणि मधूनच एखादं लिंबाचं झाड. महादेवीने डबा उघडून माझ्यापुढे धरला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. इतकी चांगली चटणी आणि ती मी रागाने नुसती चावत होते, चव लागत नव्हती. वाटेत ती एकदाच म्हणाली, "मावशी, मी माध्यम मराठी लिवलं असतं तर?"

खोटं कशाला लिहायचं, म्हणून मी तिच्यावरच खेकसले.

शाळा नुकतीच सुरू झाली होती. आत पोरं कन्नडमधून पाढे म्हणत होती आणि बाहेरच्या भिंतीवर महाराष्ट्राचा हा मोठा नकाशा रंगवलेला होता. मुख्याध्यापक उठून उभे राहिले, "बर्री, बर्री (या, या)" म्हणत मला खुर्ची दिली आणि महादेवीच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, हे तरी चिडतील. ते कपाटातून फाईल काढू लागले.

"बाई, अशी पत्रं आमी दरसाली लिवतो की," ते म्हणाले. "नमुनाच करून ठेवलाय."

त्या फाईलमध्ये तसल्या पत्रांच्या कितीतरी प्रती होत्या. दरवर्षी या गावातली पोरं शहरात जाऊन विचारायची की आम्ही तुमचेच आहोत ना, आणि दरवर्षी हा भला माणूस लिहून द्यायचा की होय, तुमचेच आहेत. त्यांच्या शांतपणाचाही मला संताप आला. त्यांनी वळणदार मराठीत पत्र लिहिलं. खाली सही मात्र कन्नडमध्ये करायला गेले, तेव्हा मीच त्यांना अडवलं. मराठीत करा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मराठीत सही केली.

पुन्हा वडाप. खिडकीशी पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. क्लार्कने पत्र घेतलं, वाचलं नाही, टाचणी लावून फाईलमध्ये सारलं आणि दोन बटणं दाबली. 'राज्याबाहेरील' गेलं, 'महाराष्ट्र' आलं. एवढ्यासाठी आमचा दिवस गेला होता. दुरुस्त अर्जाची प्रत हातात आल्यावर मी त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. रांगेतली पोरं या वेळी हसली नाहीत.

पोरीला घेऊन पायऱ्यांवर येते तोच तिचा फोन वाजला. मल्लप्पा होता. तिने स्पीकर लावला.

"झालं अप्पा," ती म्हणाली. "नाव लागंल आता. हॉस्टेल बी मिळंल."

पलीकडून नुसता वारा आणि मेंढरांचा आवाज. मग मल्लप्पाने विचारलं, "यारू (कोण)?"

जन्मापासून बापाशी ही पोर कन्नड सोडून दुसऱ्या भाषेत बोलली नव्हती. त्याला तिचा आवाज ओळखू आला नाही.

"बोल की तुझ्या भाषेत," मी म्हणाले.

तिने मागे खिडकीकडे नजर टाकली आणि हळूच विचारलं, "हितं?"

अक्कलकोटच्या गाडीत तिला बसवून दिलं. गाडी हलल्यावर तिने फोन कानाला लावलेला दिसला. कुठल्या भाषेत बोलत होती ते काचेतून ऐकू आलं नाही.

माझी अकलूजची गाडी वेळेवर लागली, खिडकीही उघडत होती, वारा चांगला येत होता. दिवसभर चिडायला मला माणसं पुष्कळ मिळाली होती. कंडक्टर, कॅफेवाला, क्लार्क. परतीच्या गाडीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं. उरलं होतं एकच, आणि ते तिकीट काढून माझ्याच सीटवर बसलं होतं.